मोटारसायकलीवरील मापके : इतिहास, बदल व जीर्णोद्धार

मोटारसायकल चालविणाऱ्याला वाहनाचा वेग, त्याने कापलेले अंतर, एंजिनाच्या भुजादंडाचे दर मिनिटास होणारे फेरे, विद्युत् घटमालेत जाणारा अथवा तिच्यातून येणारा प्रवाह, वंगणतेलाचा दाब इ. गोष्टी दर्शविणाऱ्या उपकरणांना मापके म्हणतात. यांपैकी वेगमापक, त्यातच बसविलेले अंतरमापक आणि एंजिनाचे फेरे दाखविणारे परिभ्रमणमापक ही तीन प्रमुख होत. वेगमापकाला व्यवहारात स्पीडोमीटर किंवा नुसते मीटर असे म्हणतात. जुन्या मोटारसायकलीचे मापक बंद पडल्यास किंवा मालकाच्या आवडीनुसार ते बदलणे हे वरवर किरकोळ काम वाटते. तथापि मापक हे दोन प्रकारची साक्ष देणारे उपकरण आहे. काटा वाहनाची त्या क्षणाची स्थिती सांगतो, तर अंतरमापकाचे आकडे त्याच्या सर्व आयुष्याचा हिशेब ठेवतात. मापक बदलताना या दोन्ही साक्षी खऱ्या राहतील की नाही, हा प्रश्न मोटारसायकलीच्या इतिहासात आरंभापासून निघत आला आहे.

प्रारंभीचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या मोटारसायकलींवर कोणतेही मापक नसे. एंजिनाचा आवाज आणि वाऱ्याचा झोत यांवरून चालक वेगाचा अंदाज करी. वेग मोजण्याची निकड यंत्रापेक्षा कायद्यामुळे निर्माण झाली. ग्रेट ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटारगाडी अधिनियमाने रस्त्यावरील कमाल वेग ताशी २० मैल (सु. ३२ किमी.) ठरविला. वेगमर्यादा ओलांडल्याचा आरोप झाल्यास चालकापाशी स्वतःच्या बचावासाठी काहीच पुरावा नसे. त्यामुळे वेगमापकाला गिऱ्हाईक मिळू लागले. १९३० च्या रस्ता वाहतूक अधिनियमाने ही मर्यादा काढून टाकली, तोपर्यंत वेगमापकाची सवय रुजली होती. १ ऑक्टोबर १९३७ पासून नव्याने वापरात येणाऱ्या वाहनांना त्या देशात वेगमापक सक्तीचे झाले. लहान एंजिनाच्या मोटारसायकलींना मात्र त्यातून सूट होती.

या सक्तीपूर्वीच्या सु. तीन दशकांत वेगमापक हा बहुधा वाहनाचा भाग नसून वेगळा विकत घ्यावयाचा जोडभाग होता. मालक आपल्या ऐपतीप्रमाणे एखाद्या कंपनीचे मापक निवडी आणि पुढच्या चाकावरून पट्ट्याने वा दंतचक्राने त्याला गती देई. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॉर्बिन, तर इंग्लंडमध्ये स्मिथ ही नावे या धंद्यात प्रसिद्धीस आली. म्हणून या काळातील मोटारसायकलीचे ‘मूळ’ मापक कोणते, या प्रश्नाला पुष्कळदा एकच एक उत्तर नसते. मालकाने आपल्या पसंतीचे मापक बसविणे हीच त्या वेळची रूढ रीत होती.

चुंबकीय वेगमापक : आज जुन्या वाहनांवर सर्वाधिक आढळणाऱ्या वेगमापकाचे तत्त्व मोटारसायकलीपेक्षा जुने आहे. फिरत्या तांब्याच्या चकतीमुळे जवळची चुंबकसूची ओढली जाते, असे फ्रान्स्वा आरागो यांना १८२४ च्या सुमारास आढळले. या परिणामाचा उलगडा मायकेल फॅराडे यांच्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या शोधाने (१८३१) झाला. स्ट्रासबर्ग (तेव्हा जर्मनीत) येथील ओटो शुल्ट्से यांनी १९०२ मध्ये या तत्त्वावरील वेगमापकाचे एकस्व घेतले.

या उपकरणात चाकावरून अथवा दंतचक्रपेटीवरून येणारी लवचिक तार एक स्थायी चुंबक फिरविते. चुंबकाभोवती त्याला न टेकणारी ॲल्युमिनियमाची वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीच्या धातूत भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. बारीक सर्पिल स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ वेगाच्या प्रमाणात असल्यामुळे वाटी, आणि तिच्या दांड्यावरील काटा, वेगाच्या प्रमाणात वळून स्थिरावतो. अंतरमापकाचा चुंबकाशी संबंध नसतो. तीच तार मळसूत्र व दंतचक्रे यांच्या द्वारे आकड्यांची चाके फिरविते. या भेदाचा दुरुस्तीत मोठा उपयोग होतो. दोन्ही भाग बंद असल्यास दोष बहुधा तारेत वा तिला गती देणाऱ्या दंतचक्रांत असतो. अंतर बरोबर पण वेग कमी दाखविला जात असल्यास चुंबक क्षीण झाला असण्याचा संभव असतो. काटा थरथरत असल्यास तारेला पीळ पडला आहे किंवा ती कोरडी आहे, असे समजावे. तारेला जास्त वंगण दिल्यास मात्र ते वर चढून मापकात शिरते व वाटीला चिकटून काटा अडकवून ठेवते.

कालमापी वेगमापक : चुंबकीय मापक स्वस्त असले, तरी चुंबकाच्या शक्तीवर व तापमानावर त्याची अचूकता अवलंबून राहते. याला पर्याय म्हणून घड्याळाच्या यंत्रणेवर आधारलेले मापक पुढे आले. त्याला क्रोनोमेट्रिक म्हणजे कालमापी असे नाव होते. त्यात मोक्षयंत्रणा एका सेकंदाहूनही लहान असे ठराविक कालखंड मोजते. प्रत्येक कालखंडात तार किती फिरली हे एक चक्र मोजते आणि पुढील मोजणी पूर्ण होईपर्यंत काटा त्या ठिकाणी धरून ठेवला जातो. त्यामुळे वेग वाढताना काटा सलग न सरकता टप्प्याटप्प्याने उड्या घेत वर जातो. ही उडी हा बिघाड नसून त्या यंत्रणेची ओळख आहे.

पॅरिसमधील घड्याळ-व्यवसायाशी निगडित असलेल्या येगर यांच्या ब्रिटिश शाखेचा ताबा लंडनच्या स्मिथ कंपनीकडे १९२७ मध्ये आला. पुढील सु. साडेतीन दशके ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन इ. ब्रिटिश मोटारसायकलींवर स्मिथची कालमापी मापके बसविली जात. घड्याळजीच्या कसबाची ही यंत्रणा खर्चिक होती. किंमत कमी करण्याच्या रेट्यात १९६४ च्या सुमारास ब्रिटिश कारखान्यांनी ती सोडून चुंबकीय मापके स्वीकारली. अचूक यंत्रणा मागे पडली आणि स्वस्त यंत्रणा टिकली, असा हा प्रसंग आहे. कालमापी मापकाची काच धरणारे कडे आट्यांचे असून ते फिरवून काढता येते. नंतरच्या चुंबकीय मापकांचे कडे दुमडून पक्के केलेले असते व ते उघडताना सहसा खराब होते. दुरुस्त करता येणारे उपकरण आणि टाकून नवे घ्यावयाचे उपकरण यांतील फरक या एका कड्यातही दिसून येतो.

मापकांची जागा व रूप : मापके कोठे बसवावीत याबद्दल निरनिराळ्या कारखान्यांनी वेगवेगळे विचार केले. १९३६ मधील हार्ली-डेव्हिडसनच्या ईएल या नमुन्यात इंधन टाकीच्या माथ्यावर मापक-फलक होता. ट्रायम्फ कंपनीने १९४९ पासून वेगमापक पुढील दिव्याच्या सलग धातू-आवरणात बसविले. रॉयल एनफील्डने १९५४ मध्ये पुढच्या चिमट्याच्या माथ्यावर ओतीव आवरण देऊन त्यात वेगमापक, प्रवाहमापक व दोन छोटे दिवे एकत्र आणले. बीएमडब्ल्यूच्या १९६९ पासूनच्या नमुन्यांत वेगमापक व परिभ्रमणमापक दिव्याच्या आवरणातील एकाच तबकडीत होते. पुढील मालिकेत ते दोन वेगळ्या घरांत गेले. मापक अशा रीतीने वाहनाच्या आकृतीत गुंफलेले असल्याने, व्यास किंवा खोली थोडीशी वेगळी असलेले दुसरे मापक मूळ जागी बसत नाही.

हौसेने मापके बदलण्याच्या प्रथेला १९५० व १९६० या दशकांत इंग्लंडमध्ये जोर आला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील एस कॅफेसारख्या उपाहारगृहांभोवती जमणारे तरुण आपल्या मोटारसायकलींना शर्यतीच्या वाहनाचे रूप देत. शर्यतीत चालकाला वेगापेक्षा एंजिनाचे फेरे जाणून घेणे महत्त्वाचे असते. कारण दंतचक्र केव्हा बदलावयाचे आणि एंजिन कोठवर ताणावयाचे, हे त्यावरून ठरते. म्हणून दिव्यामागे सारख्या आकाराची दोन मापके शेजारी-शेजारी लावण्याची पद्धत प्रतिष्ठेची झाली. जपानी कारखान्यांनी हीच मांडणी सर्वसाधारण ग्राहकापर्यंत नेली. होंडाच्या सीबी ७५० (१९६९) या नमुन्यावर ही जोडी कारखान्यातूनच बसविलेली होती. १९८१ च्या सुझुकी कटाना या नमुन्यात दोन्ही मापके एकाच घरात एकमेकांत गुंतवून त्यांचे काटे परस्परविरुद्ध दिशांना फिरतील अशी योजना होती.

तबकडीच्या रूपावर शासनाचाही परिणाम झालेला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७९ मध्ये लागू झालेल्या मानकानुसार वेगमापकावर ताशी ८५ मैलांपलीकडील आकडे छापण्यास मनाई होती व ५५ हा आकडा ठळक दाखवावा लागे. हे मानक १९८२ मध्ये रद्द झाले. तथापि त्या अल्पकाळातील वाहनांवर अशा तबकड्या राहिल्या. त्याहून अधिक वेग गाठू शकणाऱ्या मोटारसायकलींवरील ही अपुरी तबकडी बदलावी असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण तीच तबकडी त्या वाहनाच्या काळाची खूण आहे, हेही खरे आहे.

भारतातील स्थिती : भारतात बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस इ. आयात मोटारसायकली मैलांच्या तबकड्या घेऊन आल्या. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन होऊन बुलेटचे उत्पादन सुरू झाले. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीची मोटारसायकल १९७३ पासून येझ्दी या नावाने विकली जाऊ लागली. दरम्यान १९५६ च्या वजने व मापे मानक अधिनियमाने देशाने दशमान पद्धती स्वीकारली. रस्त्यांवरील मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे दगड आले; परंतु जुन्या वाहनांवरील काटे मैलच दाखवीत राहिले. मापक बदलण्याचे भारतातील एक खास कारण अशा प्रकारे परिमाणांच्या बदलातून निर्माण झाले.

पुढे देशी उत्पादनामुळे हे काम सुलभ झाले. १९७० नंतरच्या दशकात कोईमतूर येथे प्रीमियर इन्स्ट्रुमेंट्स अँड कंट्रोल्स (प्रिकॉल) या कारखान्यात वाहनांच्या मापकांचे उत्पादन सुरू झाले. यामाहाच्या आराखड्यावरील राजदूत ३५० (१९८३) या वाहनामुळे वेगमापक व परिभ्रमणमापक यांची जोडी भारतीय रस्त्यांवर परिचित झाली. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने २००६ च्या सुमारास पल्सर मोटारसायकलींवर अंकांत वेग दाखविणारा फलक दिला, तेव्हा तार, चुंबक व काटा यांची जागा संवेदक आणि द्रव-स्फटिक दर्शक यांनी घेण्यास सुरुवात झाली होती. मुंबईच्या चोर बाजारासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत मात्र ब्रिटिश मापकांना मागणी राहिली, कारण जुन्या वाहनांचे जतन करणाऱ्यांना मूळ नमुन्याचेच मापक हवे असते.

प्रमाणाचे गणित : मापक आकाराने बसले म्हणजे ते बरोबर दाखवील असे नाही. प्रत्येक वेगमापक तारेच्या ठराविक फेऱ्यांसाठी बनविलेले असते आणि ही संख्या पुष्कळदा तबकडीवरच बारीक अक्षरांत छापलेली असते. स्मिथच्या मापकांवरील १६०० हा आकडा दर मैलास १,६०० फेरे दर्शवितो. जर्मन मापकांवरील डब्ल्यू या अक्षरापुढील संख्या किलोमीटरमागील फेरे सांगते. अनेक जपानी मापके दर किलोमीटरला १,४०० फेऱ्यांसाठी बनविलेली असतात.

समजा, चाकाचा परिघ २ मी. आहे. १ किमी. अंतरात चाक ५०० वेळा फिरेल. चाकाच्या एका फेऱ्यास तारेचे दोन फेरे होत असतील, तर तार दर किलोमीटरला १,००० वेळा फिरेल. या वाहनावर १,४०० फेऱ्यांचे मापक बसविल्यास ताशी ६० किमी. वेग असताना काटा सु. ४३ दाखवील आणि प्रत्यक्ष १०० किमी. प्रवासाची नोंद सु. ७१ किमी. अशी होईल. वेग कमी दाखविणारे मापक अपघाताला आमंत्रण देते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या विनियमात मापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, असा दंडक आहे. नमुना-मान्यतेच्या वेळी जास्तीची चूक खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किमी. एवढीच चालते. म्हणजे खरा वेग ताशी ८० किमी. असताना काटा ८० ते ९२ यांच्या दरम्यान असला पाहिजे.

तारेचे फेरे मोजण्याची रीत सोपी आहे. तार मापकापासून सोडवून तिच्या टोकाला कागदी बाण लावतात. चालक बसलेल्या स्थितीत वाहन सरळ रेषेत २० मी. ढकलून बाणाचे फेरे मोजतात. त्यांना ५० ने गुणले असता दर किलोमीटरचे फेरे मिळतात. फरक आढळल्यास चाकाकडील दंतचक्रे बदलावी लागतात किंवा तारेच्या मार्गात प्रमाण बदलणारी लहान दंतचक्रपेटी बसवावी लागते.

मैलांचे मापक किलोमीटरचे करताना एक योगायोग उपयोगी पडतो. दर मैलास १,६०० फेरे म्हणजे दर किलोमीटरला सु. ९९४ फेरे होतात. म्हणून १,००० फेऱ्यांचे किलोमीटर-मापक त्याच तारेवर जवळजवळ बरोबर चालते. याउलट मैलांच्या मापकावर केवळ किलोमीटरची तबकडी छापून बसविली, तर काटा बरोबर वेग दाखवील. पण आतील दंतचक्रे तीच असल्याने अंतरमापक मैलच मोजत राहील. दर्शनी भाग एक परिमाण व आकडे दुसरे परिमाण दाखविणारी अशी मापके पुढील मालकाची फसगत करतात.

परिभ्रमणमापकाच्या बाबतीत एंजिन व तार यांचे प्रमाण (उदा., २ : १ किंवा ४ : १) आणि तारेच्या फिरण्याची दिशा पाहावी लागते. इलेक्ट्रॉनिक मापक ठिणगीच्या स्पंदांवरून फेरे मोजते. एका सिलिंडराच्या चार धावी एंजिनात कोठे दर फेऱ्यास, तर कोठे दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. ही निवड चुकल्यास आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. शिवाय अनेक जुन्या ब्रिटिश वाहनांत घटमालेचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असते व विद्युत् दाब ६ व्होल्ट असतो. ऋण अग्र सांगाड्याला जोडण्याच्या व १२ व्होल्टच्या हिशेबाने केलेले मापक त्यावर सरळ जोडल्यास जळून जाते.

अंतरमापकाची विश्वसनीयता : मापक बदलण्यातील सर्वांत नाजूक प्रश्न अंतरमापकाचा आहे. नवे मापक शून्यापासून मोजू लागते आणि जुन्या वाहनाचे पूर्वायुष्य कागदोपत्री नाहीसे होते. विक्रीच्या वेळी याचा गैरफायदा घेणे सहज शक्य असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ च्या कायद्याने अंतरमापक मागे फिरविणे हा गुन्हा ठरविला. दुरुस्तीनंतर पूर्वीचा आकडा कायम ठेवता येत नसल्यास तो शून्यावर आणून, जुना आकडा व दुरुस्तीची तारीख यांची लेखी नोंद वाहनावर लावण्याचे बंधन त्यात आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११७ व्या नियमाने वेगमापक आवश्यक ठरविले असून, नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने बंधन घातले आहे. जुन्या अंतराची नोंद ठेवणे हे मात्र मुख्यतः मालकाच्या व कारागिराच्या प्रामाणिकपणावर सोपविलेले आहे.

जीर्णोद्धार : जुन्या मापकाबाबत तीन मार्ग संभवतात : मूळ यंत्रणा दुरुस्त करणे, त्याच नमुन्याचे दुसरे मापक मिळविणे किंवा जुन्या घरात नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसविणे. स्मिथ कंपनीने मोटारवाहनांच्या मापकांचा व्यवसाय १९८३ मध्ये सोडल्यामुळे पहिल्या मार्गाला लागणारे सुटे भाग दुर्मिळ झाले आणि हे काम थोड्या निष्णात कारागिरांपुरते उरले. तिसरा मार्ग सोयीचा आहे. परंतु त्यात घर व तबकडी राहते आणि यंत्र जाते. कालमापी मापकाच्या काट्याची उडी अशा बदलानंतर दिसत नाही.

तबकडी पुन्हा रंगविताना एक धोका लक्षात घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काही उपकरणांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. चमक काही दशकांत मंदावते. पण रेडियमाचा अर्धायुःकाल सु. १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग कायम राहतो. असा रंग खरवडल्यास त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. न चमकणारी तबकडी निरुपद्रवी आहे असे समजू नये.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ (फिवा, स्थापना १९६६) याने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तूरिन सनदेत, वाहनात केलेला बदल पूर्ववत करता येण्याजोगा असावा व काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनाबरोबर जपून ठेवावेत, असे तत्त्व आहे. मापकाच्या बाबतीत ते सहज पाळता येते. सांगाडा वा आवरण न कापता नवे मापक वेगळ्या पट्टीवर बसवावे. मूळ विद्युत् तारा न तोडता जोडण्या कराव्यात. काढलेले मापक, बंद असले तरी, ठेवून द्यावे. आणि बदलाच्या दिवशीचा आकडा तारखेसह लिहून ठेवावा. नव्या मापकावर वाचलेल्या आकड्यात हा आकडा मिळविला की वाहनाने कापलेले एकूण अंतर पुढील मालकालाही कळते. एवढी काळजी घेतल्यास रुचीनुसार केलेला बदल आणि वाहनाचा इतिहास यांत विरोध उरत नाही.